मुख्य हात : डावा

आमच्या घराण्यात फॉर्म भरायचं खातं माझ्याकडे आहे. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करण्यात एकतीस वर्षं गेली. 'लागू नाही' कुठे लिहायचं आणि कुठे नुसती आडवी रेघ ओढायची, हे मला झोपेतसुद्धा कळतं असा नातेवाईकांचा समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या चाचांचे दोन्ही मुलगे आखातात गेले, ते माझ्या हस्ताक्षरात गेले. म्हणून गेल्या पावसाळ्यात जे झालं त्याचं खापर फोडायला मला दुसऱ्याचं डोकं सापडलं नाही. शोधलं मात्र बरंच.

माझी मोठी बहीण, म्हणजे आक्का, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मिरजोळ्याच्या पुढे, एमआयडीसीचं कुंपण संपतं तिथे तिची आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. नर्सरी म्हणजे पाऊण एकर कातळ, त्यावर आणून टाकलेली माती आणि काळ्या पिशव्यांच्या रांगा. भावजी गेल्यापासून ती एकटीच चालवते. पिशव्या भरायला आणि पाणी घालायला गावातली एक बाई आहे, वीस वर्षांची जुनी. तिलाही कलम बांधता येतं, पण आक्का तिला सुरी देत नाही. कलमं बांधायची तर आक्कानंच.

तर ही आक्का मे महिन्यात पडली. आंब्यावरून पडली असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. जन्मभर झाडावर चढलेली बाई प्लास्टिकच्या स्टुलावरून पडली, पंख्याची पाती पुसताना. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि मुक्काम आमच्याकडे, कारण डॉक्टर शहरात आणि आमचं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर.

तिचा मुलगा खेडला नोकरीला आहे. जगबुडी नदीच्या अलीकडे त्याचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि त्यातली एक खोली चार वर्षांपासून आईसाठी म्हणून रिकामी आहे. तिच्यात सध्या इस्त्रीचे कपडे राहतात. प्लास्टर घातल्यावर तो आला आणि आमच्या हॉलमध्ये बसून त्यानं विषय काढला.

"आई, आता पुरे ना. विकून टाकू, नायतर कोणाला तरी चालवायला देऊ."

आक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "या पावसात मला कलमं बांधता आली नाहीत, तर येते मी खेडला. तुझ्या इस्त्रीच्या कपड्यांत राहते."

"नक्की?"

"मामा साक्षीदार आहे."

साक्षीदार म्हणून मी मान हलवली. कारकुनाची मान त्यासाठीच असते.

इथे कलम कसं बांधतात ते दोन ओळींत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जूनमध्ये रायवळ आंब्याचे बाठे, म्हणजे कोयी, मातीत लावतात. त्यातून रोपं येतात, पानं तांबूस, काडी इतकी कोवळी की नख रुतेल. हा खुंट. त्याचा शेंडा चार बोटांवर उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. खुंट कोवळा आहे तोवरच हे सगळं. पानं हिरवी झाली की वेळ गेली. म्हणजे जुलैच्या आत-बाहेरचे दोन-तीन आठवडे. आक्काच्या हाताला तेवढीच मुदत होती.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो आक्काला ओळखू येईना. बारीक, पांढुरका, बोटं अर्धवट वळलेली. "हा कोणाचा बदलून दिला?" तिनं कंपाउंडरला विचारलं. मग व्यायामासाठी आम्हाला एका मुलीकडे पाठवलं. मुलगी म्हणजे फिजिओथेरपिस्ट, पुण्याहून नवीन आलेली, शब्द स्वच्छ धुऊन वाळत घातल्यासारखे. तिनं आधी एक फॉर्म पुढे केला. फॉर्म म्हटल्यावर मी खिशातलं पेन काढलं.

नाव, वय झालं. व्यवसाय : 'नर्सरी' असं लिहिलं. मग एक रकाना आला, मुख्य हात.

"आक्का, मुख्य हात कोणता?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्यावर तुझं काम चालतं तो."

"डावा," आक्का म्हणाली.

मी लिहिलं, डावा. आणि खाली सुबक रेघ मारली.

मी या बाईच्या पाटाला पाट लावून जेवलेला माणूस आहे. सहा आठवडे ती माझ्यासमोर डाव्या हातात चमचा धरून भात सांडत होती. डाव्या हातानं कोणाला काही द्यायचं नाही म्हणून चहाचा कप आधी टेबलावर ठेवायची आणि मग 'घे' म्हणायची. हे सगळं मी पाहिलं होतं. पण फॉर्म समोर आला की मला माणूस दिसत नाही, रकाना दिसतो.

मुलीनं फॉर्म वाचला आणि तिचा चेहरा खुलला. "काकू, तुमचा मुख्य हात शाबूत आहे की. मग काळजी नाही, आपण सावकाश जाऊ. आणि नर्सरीत आहात म्हणजे तुम्हाला चित्रं जमतीलच."

चित्रांचा नर्सरीशी काय संबंध, असा प्रश्न आक्काला पडला असावा. मला पडला नाही. मुलीनं व्यायाम सांगितले : चेंडू दाबायचा, टॉवेल पिळायचा, आणि रोज आपल्याच हातांची चित्रं काढायची. डाव्यानं उजव्याचं चित्र तीनदा. उजव्यानं डाव्याचं एकदाच, तेही हलकं हलकं, दुखलं की थांबायचं.

"आणि आठवून नाही काढायचं हं काकू. बघून काढायचं. हाताकडे जास्त, कागदाकडे कमी."

घरी आल्यावर आक्कानं एकटीनं चित्रं काढायला साफ नकार दिला. "मी काय बालवाडीत आहे? तू पण बस." तिला सोबत म्हणून मी बसलो. शाळेच्या ऑफिसातून पाठकोरे कागद आणले, दोन पेन्सिली केल्या, आणि रोज संध्याकाळी चहानंतर जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं भावंडं आपापले हात मांडून बसायचो. बायको भाजी निवडता निवडता परीक्षण करायची.

पहिल्या दिवशी मी उजव्या हातानं डावा काढला. पाच बोटं, पाच नखं, सगळं प्रमाणात.

"छान आलाय," बायको म्हणाली. "कोणाचा आहे?"

तिचं बरोबर होतं. तो कोणाचाही हात होता. शाळेच्या शिक्क्यावर कोरायला चालला असता, खाली जावक क्रमांक तेवढा घालायचा. मग डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि उजवा समोर ठेवला. डावा हात हा माझ्याकडे पहिल्यापासून कामचुकार. पिशवी धरणे आणि कान खाजवणे एवढीच त्याची नोकरी. त्यानं पाऊण तास खपून जे काढलं ते आल्याच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. पण त्या गड्ड्यात मधल्या बोटाच्या कडेला एक फुगवटा आला होता. मी हात उलटून पाहिला. तो खरोखर तिथे होता, पेन टेकून टेकून आलेला. उजव्या हातानं मला तो कधी कळू दिला नव्हता. चांगल्या हाताला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो बघत नाही, असा एक विचार मी तेव्हा बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "हात नाही, माणूसच तसा आहे."

आक्काची तऱ्हा वेगळी होती. ती पेन्सिल सुरीसारखी धरायची, लांबून आत ओढत. पहिले चार दिवस तिच्या डाव्या हातानं नुसता गुंता केला. पाचव्या दिवशी अंगठा अंगठ्यासारखा दिसू लागला. आठवड्यानं मनगटाचं हाड आलं, जरा वाकडं जुळलेलं, जसं होतं तसंच. बोटांची पेरं ती देठासारखी काढायची, प्रत्येक पेरावर जरा थांबून. तिचं म्हणणं, पेर चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. आणि उजव्या हातानं रोज एकच डावा हात निघायचा. थरथरत, तुटक, पण त्यात डाव्या अंगठ्यावरचे बारीक आडवे वण रोज न चुकता असायचे. सुरी तासत आत येते ती तिथे थांबते, त्याचे ते वण.

"तुझे हात दिवसागणिक बरे यायला लागलेत," मी म्हणालो.

"तुझे मात्र ओवाळून टाकण्यासारखे आहेत."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळे कागद घेऊन आम्ही मुलीकडे गेलो. तिनं ते टेबलावर क्रमानं मांडले. कौतुक करायला लागली.

"काकू, डाव्या हाताची प्रगती खूपच छान आहे. अर्थात डावखुऱ्या माणसांचं बघायला नको."

"डावखुरं कोण?" आक्का म्हणाली.

"तुम्ही."

"मी कशाला डावखुरी असेन? माझ्या सात पिढ्यांत कोणी डावखुरं नाही."

मुलीनं फॉर्म काढला. वाचला. आक्कापुढे केला. आक्कानं चष्मा लावून वाचला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मुख्य हात डावा. बरोबर आहे की."

"काकू, जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"लिहिता?"

"उजव्या."

"मग डावा मुख्य कसा?"

"अगो, हा म्हणाला, काम ज्याच्यावर चालतं तो हात. कापायला काय, कोणीपण कापतं, सुरीला धार असली म्हणजे झालं. पण खुंटात काडी बसवली, की पट्टी गुंडाळून होईपर्यंत धरायचं कोणी? डाव्यानं. केसाएवढी सरकली तरी कलम मेलं. मग मुख्य कोण?"

मुलगी जरा गोंधळली. "पट्टी? कुठलं कलम? तुम्ही नर्सरीत मुलांना शिकवता ना?"

यावर आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीनंही पाहिलं. मी भिंतीवरचा मणक्याचा तक्ता वाचत होतो. चांगला माहितीपूर्ण तक्ता होता.

"फॉर्म कोणी भरला?" मुलीनं विचारलं.

"आमचा हा," आक्का म्हणाली. "घरातला सगळ्यात शिकलेला."

मुलगी चिडली नाही, उलट तिचाच आवाज खाली आला. उजवा मुख्य आहे आणि काम बारीक सुरीचं आहे हे कळलं असतं, तर आपण पहिल्या दिवसापासून उजव्याच्याच मागे लागलो असतो, असं ती म्हणाली. तीन आठवडे गेले ते गेले. आता बारीक तासकाम उजव्यानं करायचं तर दिवाळी उजाडेल. घाई केलीत तर त्याच्याही पुढे.

"दिवाळीला खुंटाचं लाकूड होतं," आक्का म्हणाली आणि उठली.

रिक्षात मी दोनदा 'आक्का' म्हटलं, तिनं दोन्हीदा 'हूं' म्हटलं. नर्सरीवरच्या बाईचा सकाळीच फोन येऊन गेला होता : बाठे रुजलेत, पानं तांबडी आहेत, आठ-दहा दिवसांपूर्वी झाडावरच पानं छाटून ठेवलेल्या हापूसच्या काड्यांचे डोळे फुगलेत, कधी येता. घरी येऊन आक्का टेबलाशी बसली आणि तिनं आपले दोन्ही हात समोर ठेवले. कागद घेतला नाही. नुसती बघत राहिली. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तोंड धुतलं.

बाहेर आलो तेव्हा बायकोचा आवाज चढला होता. संध्याकाळसाठी आणलेली लाल माठाची जुडी टेबलावर पसरली होती. आक्कानं देठांचे शेंडे उडवले होते, मधे चिरा दिल्या होत्या आणि दुसऱ्या देठांच्या पाचरी करून त्यात बसवल्या होत्या. तिच्या पेटीतली कलमाची सुरी डाव्या हातात होती. उजव्या हाताची वळलेली बोटं तिनं डाव्यानं एकेक करून देठाभोवती लावली होती. लावली तिथे ती राहत होती. सरळ होत नव्हती, घट्ट मिटत नव्हती, पण ठेवली तिथे राहत होती.

"ही भाजी निवडायची आहे का सोडवायची आहे?" बायकोनं विचारलं.

"फोडणीला सगळं एकच," आक्का म्हणाली. "अजून दोन जुड्या आण गो."

पुढचे तीन दिवस आम्ही माठ खाल्ला. तीन आठवडे पेन्सिल ओढून डाव्या हाताला रेघ कळली होती. कुठे दाब द्यायचा, कुठे सोडायचा, ते त्याला समजत होतं. पण पाचर काही केल्या सपाट येईना. एक बाजू नितळ आणि दुसरीत सुरी खोल घुसलेली. आक्का स्वतःला शिव्या घालत होती. अखेर तिसऱ्या दिवशी तिनं सुरी खिडकीशी नेऊन उजेडात आडवी धरली आणि पात्यावरून बोट फिरवलं. कलमाच्या सुरीला धार एकाच अंगानं लावलेली असते. दुसरं अंग सपाट. उजव्या हातात ते सपाट अंग काडीला टेकतं आणि तास सरळ येतो. डाव्या हातात उलटं.

"हीपण उजवी निघाली मेली," आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू अजून त्या जुन्या यंत्रानं दाढी करतोस ना? पातं घालून?"

मी अजून त्या यंत्रानं दाढी करतो. घरात त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. पात्याला दोन्हीकडून धार असते, त्याला डावं-उजवं ठाऊक नाही. माझ्याकडे आख्खं पाकीट होतं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली ही एकमेव उपयोगी गोष्ट, आणि तीही माझ्या चिकटपणातून.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजोळ्याला गेलो. बाईनं खुंटांच्या पिशव्या छपराखाली आणून ठेवल्या होत्या. आक्का गोणपाटावर बसली, अर्धं पातं डाव्या चिमटीत घेतलं आणि पहिल्या खुंटाचा शेंडा उडवला. बाई बघत होती.

"काय वो आक्का, डाव्या हातानं?"

"तुला बघवत नसेल तर तिकडे जाऊन पिशव्या भर."

बाई हलली नाही. कापणं ठीक चाललं होतं. आक्का म्हणाली होती तसंच, कापायला कोणीपण कापतं, डावासुद्धा. घोडं अडलं ते धरण्यापाशी. उजवी बोटं ठेवल्या जागी राहत होती, पण पट्टी ताणली की काडी हलत होती. चार कलमं तिनं स्वतःच सोडून फेकून दिली. पाचव्याला बाई पुढे सरकून म्हणाली, "मी धरू?"

"नको."

"सुरी नका देऊ. धरायला काय जातंय?"

"धरायलाच जातं सगळं," आक्का म्हणाली. पण हे तिनं बाईकडे न बघता म्हटलं.

मग तिनं गुडघे वर घेतले, पिशवी दोन पायांच्या मधे पक्की आवळली आणि उजवा हात गुडघ्याला टेकवून बसवला. हात थांबला. पट्टी डाव्यानं गुंडाळली, टोक दातांनी ओढलं. असं एकेक करत दुपारपर्यंत तीस झाली. चांगल्या दिवसात ती दोनशे बांधायची. तीस झाल्यावर उजवा हात काडी धरेनासा झाला तेव्हा तिनं पात्याचा तुकडा कागदात गुंडाळला आणि बाईला म्हणाली, "उरलेली तू बांध. पेटीत माझी सुरी आहे. धार उतरवू नको."

बाईनं सुरी घेतली. वीस वर्षांनी मिळाली म्हणून तिच्या चेहऱ्यावर काही विशेष उमटलं नाही. तिनं पदराला पुसून घेतली आणि कामाला बसली.

कलम धरलं की नाही ते कळायला तीन आठवडे तरी जातात. तोवर काडी हिरवी दिसली तरी विश्वास ठेवायचा नाही, असं आक्का म्हणते. त्या दिवसांत ती पुन्हा रोज चित्रं काढत होती. मुलीनं फॉर्म नवीन केला होता, माझ्या मदतीशिवाय, आणि आता उजव्याचं काम तिप्पट होतं. मीही बसायचो. माझा डावा आल्याच्या गड्ड्यावरून हळदीच्या गड्ड्यावर आला होता.

मुलगा आला तो श्रावणातल्या एका रविवारी. आम्ही सगळेच नर्सरीवर गेलो. बाईनं बांधलेली एका अंगाला होती, आक्काची तीस वेगळी. त्यातल्या अकरांना कोंब आले होते. एकोणीस काळी पडली होती. आक्कानं एकही लपवलं नव्हतं.

मुलगा या पिशव्यांत वाढलेला. त्यानं उकिडवं बसून एक कलम उचललं आणि सांधा निरखला.

"हा तास उलटा आहे."

"डाव्या हाताचा आहे," आक्का म्हणाली.

त्यानं तीसही पिशव्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "आई, तिसातली अकरा. एरवी तुझी तिसातली चार गेली तर तू जेवायची नाहीस."

"अकरा म्हणजे अकरा."

"पण ठरलं काय होतं? मामा, तू सांग. तू साक्षीदार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मला विचारू नका, माझ्या साक्षीनं आधीच तीन आठवडे खाल्लेत. तेव्हा बायको बोलली. ती एरवी माहेर-सासरच्या कुठल्याच वाटाघाटीत पडत नाही.

"बांधता आली नाहीत तर खेडला यायचं, असं ठरलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू येत होतं. धरण्या-जगण्याचं कोणी काही बोललं नव्हतं."

मुलगा हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसला. कलम त्यानं जागेवर ठेवलं, पँटची माती झटकली. "ठीक आहे. पुढच्या पावसात बघू."

"बघ की," आक्का म्हणाली.

मग ती वाकली आणि त्याच्यासमोरच काळी पडलेली एकोणीस एकेक करून पिशव्यांतून उपटायला लागली. उजव्या हातानं उपटत होती. त्याला ते जमत होतं. मुलगा दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि मग रिकाम्या पिशव्या गोळा करायला लागला.